नाव टाकलेलं वाण

माझी शाळा चौथीपर्यंत. तरी लिहायला बसलोय, ते कावून, तर बोलायला आता घरात माणूस न्हाई. आमची ही गेली. दुकान बंद करून माडीवर गेलं की दिवसभराचं बोलणं तोंडातच राहतं. ते कुठंतरी ठेवायला पाहिजे.

हिच्या जाण्याचं मला लिहिता येणार न्हाई. तिच्या एका संक्रांतीच्या वाणाचं लिहितो. त्या वाणापायी मी जेवढा भ्यालो, तेवढा जन्मात भ्यालो न्हाई.

सिरसाळ्यात आमचं भांड्याचं दुकान. स्टील, पितळ, थोडं तांबं. लग्नसराईत आहेराची भांडी जातात, एरवी जुनी भांडी मोडीत घ्यायची आणि नव्यावर नाव टाकून द्यायचं. नाव टाकायचं मशीन पेनासारखं असतं. बटण दाबलं की सुई घुर्रघुर्र करती आणि अक्षर धातूत बसतं. कागदावरचं माझं अक्षर मास्तरांनी कधी बरं म्हटलं न्हाई. भांड्यावरचं मात्र लोक लांबून येऊन टाकून घेतात.

नावाचं महत्त्व मला जीपनं शिकवलं. दुकान नवंनवं माझ्या हातात आलतं तेव्हाची गोष्ट. एक माणूस पितळी घागर मोडीत घालून गेला. मी वजन केलं, भाव केला, घागर कोपऱ्यात टाकली. तळाला कोणाचं नाव हाय ते बघितलंच न्हाई. दुसऱ्याच दिवशी दारात पोलिसाची जीप. घागर चोरीची निघाली. मला परळीला नेऊन बाकड्यावर बसवलं. मारलं न्हाई, खोटं कशाला बोलू. जमादार एवढंच म्हणाला, "वाचता येतं ना बे तुला? मग नाव कावून वाचलं न्हाई?" दिवस मावळेपर्यंत मी त्या बाकड्यावर. बाजारचा दिवस होता. गावातली ओळखीची माणसं खिडकीतून बघून जायची आणि बघितलंच न्हाई असं करायची.

तेव्हापासून दोन सवयी लागल्या. भांडं हातात आलं की आधी नाव वाचायचं. आणि रस्त्यावर जीपचा आवाज आला की हातातलं काम टाकून दाराकडं बघायचं. दुसरी अजून गेली न्हाई.

लेकी सासरी गेल्या आणि हिला घर खायला उठलं. ही दहावी झालेली, अंबाजोगाईची. ते दिवस कॉम्प्युटरचे होते. ज्याला त्याला परदेशी माल पाहिजे होता आणि पोरांना कॉम्प्युटर. हिनं बीडला जाऊन शिकून घेतलं आणि दुकानावरच्या खोलीत क्लास काढला. जुनी मशीनं आणली. विकणाऱ्यानं आतले प्रोग्राम, सगळं घालूनच दिलतं. मी विचारलं, हे आत जे हाय त्याची पावती? तो हसला. म्हणाला, काका, ह्याची कोण पावती घेतं, सगळीकडं असंच चालतं.

मी म्हटलं, घागरीचंही असंच चालत होतं.

पुढं परळीकडच्या एका क्लासचं कानावर आलं. कंपनीची माणसं पोलीस घेऊन आली आणि कॉप्या मारलेल्या मशीनी जीपमध्ये घालून नेल्या म्हणे. खरं-खोटं देव जाणे. पण मला जेवण जाईना. माडीवर चोरीच्या घागरी मांडून त्यावर पोरी टायपिंग शिकतात, असंच मला दिसायला लागलं. मी हिला सांगून टाकलं, क्लास बंद कर. ती काही बोलली न्हाई. आमची ही भांडायची तेव्हा बरं असायचं. गप्प बसली की मला जीपपेक्षा तिचं भ्या वाटायचं.

हिचा धाकटा भाऊ अंबाजोगाईला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. तिनं त्याला फोन केला. तो एक सीडी घेऊन आला. म्हणाला, दाजी, हे लिनक्स, मशीन चालवायचा प्रोग्राम. ह्याला चोरी न्हाई. घ्या, वापरा, कॉपी करा, गावभर वाटा, कोणी विचारणार न्हाई.

मी म्हटलं, फुकट कोण देतं?

हीच मला समजवायला लागली. म्हणाली, "शेजारीण आपल्याकडून विरजण नेती. तिच्या दह्यातलं तिसरी नेती. कोणी म्हणतं का, माझ्या दह्याचे पैसे टाक म्हणून? तसं हाय हे." ते मला पटलं. विरजणासाठी कोणाच्या दारात जीप आलेली मी ऐकली न्हाई.

पण ते विरजण आमच्या मशीनींना मानवलं न्हाई. टायपिंग व्हायचं, पण फोनच्या तारेवरून इंटरनेट लागायचं न्हाई, आवाज यायचा न्हाई, छपाईचं मशीन नुसतं मुकं. पोरी म्हणाल्या, काकू, ह्यात गाणं का वाजत न्हाई? भाऊ फोनवर म्हणाला, अक्का, ज्या कंपन्यांचे ते भाग हायेत त्या आपली विद्या उघडी करत न्हाईत. माझ्या सीडीत फक्त उघडंच असतं, म्हणून अडतंय. धीर धर.

धीर हिच्यात नव्हता. औरंगाबादला लेकीकडं गेली तेव्हा तिथल्या दुकानातून दुसरंच लिनक्स विकत घेऊन आली. खोक्यातलं, पावतीसकट. वर भावाच्या सीडीवर होता तोच काळापांढरा जाडा पक्षी. ते घातलं आणि सगळं सुरू झालं. इंटरनेट लागलं, गाणी वाजली, छपाई झाली. हिला काही करावंच लागलं न्हाई, जे लागतं ते सगळं आत आधीच घातलेलं, आपोआप बसलं. मधी मधी इंग्रजी मजकूर यायचा आणि खाली "मान्य" असं बटण. ती दाबत गेली. पावती मी गल्ल्यात जपून ठेवली आणि त्या दिवशी पोटभर जेवलो.

मग संक्रांत आली. भांडेवाल्याची बायको दरवर्षी काय लुटती ह्याकडं गावातल्या बायांचं लक्ष असतं. कधी वाटी, कधी डबी, कधी चाळण. त्या वर्षी ही म्हणाली, मी सीडी लुटणार. आमच्या क्लासमुळं गावात बऱ्याच घरी मशीनं आलती. मास्तर, ग्रामसेवक, दवाखान्यातली माणसं. त्यांच्याही मशीनीत चोरीचंच असायचं. ती म्हणाली, आपली झोप गेलती तशी ह्यांची कावून जावी? मी म्हटलं, लोक म्हणतील, भांडेवाल्याकडं स्टील संपलं, प्लास्टिकच्या ताटल्या वाटतोय. ती म्हणाली, म्हणू द्या.

कोऱ्या सीड्यांची चळत आणली आणि तिनं खोक्यातल्या सीडीवरून सगळ्या भरून काढल्या. एक घालूनही बघितली, चांगली चालली. आता ह्यावर काय लिहायचं? ती शाईच्या पेननं नाव लिहायला लागली. माझ्याच्यानं राहवेना. शाई पुसून जाती. आमच्या दुकानातून वाण जायचं आणि त्यावर नाव न्हाई, असं झालेलं न्हाई. मी म्हटलं, आण इकडं. ती म्हणाली, खालची चकचकीत बाजू नाजूक असती, तिला रेघ पडू देऊ नका. मी खाली मऊ फडकं अंथरलं, चकचकीत बाजू त्यावर पालथी घातली आणि वरच्या पांढऱ्या बाजूला मशीननं नाव टाकलं. "सौ." आणि पुढं तिचं नाव, खाली आमचं आडनाव, गाव. सगळ्यांवर. हात जरा दाबूनच चालवला, कारण प्लास्टिकवर अक्षर उठत नव्हतं. तिनं एक सीडी उचलून बघितली आणि म्हणाली, लग्नात माझ्या कळशीवरही एवढं चांगलं नाव नव्हतं.

हळदीकुंकवाला माडी भरून बाया आल्या. कॉम्प्युटरवाल्या आल्या, बिनकॉम्प्युटरच्याही आल्या. ती भेद करणारी बाई न्हाई. ज्यांच्याकडं मशीन न्हाई त्यांनाही सीडी दिली, म्हणाली, पुढं घेशील तेव्हा होईल.

रथसप्तमीच्या सुमारास मेहुणा आला. तिनं कौतुकानं खोकं दाखवलं, वाणाचं सांगितलं. तो खोक्यातलं बारीक अक्षरांचं पुस्तक काढून वाचायला लागला आणि वाचता वाचता त्याचं हसणं गेलं.

"दाजी," तो म्हणाला, "हे वाटायचं नव्हतं."

मी म्हटलं, लिनक्स हाय ना? विरजण हाय ना?

त्यानं मग सांगितलं ते मला कळलं तसं लिहितो. ह्या खोक्यातलं बहुतेक उघडंच हाय, विरजणासारखं. पण इंटरनेट लागावं, गाणी वाजावीत, छपाई व्हावी म्हणून बनवणाऱ्यानं त्यात वेगवेगळ्या कंपन्यांचं बंद सामान आधीच घातलंय. कोणी मागो न मागो, ते बरोबर येतंच. आत काय हाय ते बघायची परवानगी न्हाई आणि पुढं कोणाला द्यायचीही न्हाई. विकत घेतलं त्यानं आपल्यापुरतं वापरायचं. अक्का, प्रत्येक वेळी तसं लिहून आलं असणार, तू "मान्य" दाबलंस.

म्हणजे दही विरजणाचं, पण ज्या वाटीत आलं ती वाटी दुसऱ्याची. आणि तळाला त्याचं नाव.

माझ्या कानात परळीचा जमादार बोलायला लागला. वाचता येतं ना बे तुला. आणि ह्या खेपेला तर घागर कोपऱ्यात लपून नव्हती. आम्ही कॉप्या करून गावभर दिल्यात आणि पुसता येणार न्हाई असं आमचंच नाव वर कोरलंय, आडनावासकट, गावासकट. जीपवाल्यांना विचारपूस करायचंही काम उरलं न्हाई.

मेहुणा म्हणाला, एवढं काही होत न्हाई दाजी, कोण येतंय सिरसाळ्याला. त्याला म्हणायला काय. तो पाच वाजताच्या गाडीनं अंबाजोगाईला गेला. मी खोकं उचलून सगळ्यात वर टांगलेल्या पितळी हंड्यात लपवलं.

मग बाहेर पडलो तर काय. ज्यांच्याकडं मशीन नव्हतं त्यांनी सीडी ठेवून काय करायची? दाराच्या तोरणाला बांधली. ऑटोवाल्यानं काचेपुढं टांगली. एकीनं पाळण्यावर लावली, पोरगं बघत राहतं म्हणून. आणि धारूरच्या रस्त्याला ज्वारी हुरड्यात आलती, तिथं दोरीला बांधून पाखरं हाकलायला लावलेल्या. ऊन पडलं की रानात ठिकठिकाणी लखलखायचं. बघणाऱ्याला चांगलं वाटत असेल. मला रान भरून पुरावा दिसायचा. मी स्कूटरवर मान खाली घालून जायचो.

घरी येऊन मी सांगितलं, घरोघर जा आणि सगळ्या परत आण. त्याबदल्यात स्टीलचे डबे दे, मोठे दे, दुकान रिकामं झालं तरी चालेल.

"वाण परत मागत न्हाईत," ती म्हणाली.

मी म्हटलं, पोरांचा खेळ न्हाई हा. जेल हाय.

तेव्हा ती बोलली. एवढी कधी बोलली नव्हती. "सवाष्णीनं दिलेलं वाण परत मागितलं की काय होतं, तुम्हाला मालूम न्हाई का? ते ज्याच्यासाठी लुटतात त्या नवऱ्याचं आयुष्य मागं येतं, कमी होतं. तुम्हाला जीपचं भ्या हाय. मला तुमचं हाय. जीप आली तर मी जाऊन बसते बाकड्यावर. नाव माझं हाय त्यावर."

मी तिला वेडी म्हटलं. गळ्यातल्या लिंगाची आण घेऊन सांगितलं की असं काही नसतं. पण ती खाली बसून तांदूळ निवडायला लागली. तिच्या हाताला कंप होता, तांदूळ ताटाबाहेर पडत होते. ती माझ्यापेक्षा जास्त भ्यालीय हे मला तेव्हा दिसलं. घरात दोन माणसं, दोन भ्या, आणि एकाचं घालवायचं तर दुसऱ्याचं खरं करावं लागणार.

मी एकटाच एका घरी गेलो. शाळेतल्या मास्तरचं घर. मास्तरीणबाईनं पाणी दिलं, चहा ठेवला. मी म्हटलं, संक्रांतीचं ते वाण... ती लगेच म्हणाली, लई चांगलं होतं काका, काकूंना सांगा. आणि उगीच पदर सारखा करून दुसरीकडं बघायला लागली. मला वाटलं, हिला कळलंय. कोणीतरी येऊन विचारून गेलंय. चहा तसाच टाकून उठलो.

त्यानंतरचे दिवस मी दुकानात कसे काढले ते मलाच माहीत. तागडीत वजन घालायचो आणि किती घातलं ते विसरायचो. क्लासच्या पोरी जिन्यावरून धडधड उतरल्या तरी दचकायचो. हिनं क्लास बंद केला न्हाई. पोरींना त्याच मशीनींवर शिकवायची, पण आता पडद्यावर काही आलं की बोट ठेवून वाचून घ्यायची, डिक्शनरी घेऊन.

आणि जीप आली.

दुपारची वेळ. सरकारी जीप, पांढरी, पुढं पाटी. दुकानासमोर थांबली. एक साहेब उतरला, पांढरा सदरा, हातात आमची सीडी. मला ओळख पटली न्हाई, आणि पटली असती तरी उपयोग नव्हता. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला मी म्हटलं, उद्या ये. ती जिन्यात येऊन उभी राहिली होती. तिनं पदर डोक्यावरून घेतला.

साहेबानं सीडी उन्हात धरून नाव वाचलं. मोठ्यानं वाचलं. "सौ." पासून गावापर्यंत. मग विचारलं, "हे तुमच्याकडचंच ना?"

"माझं हाय," ही म्हणाली आणि जिना उतरून माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "ह्यांना यातलं काही कळत न्हाई. मीच भरल्यात सगळ्या."

साहेब गोंधळला. म्हणाला, "वहिनी, तसं न्हाई. मी पाटबंधारेतला. आमची मंडळी आलती ना हळदीकुंकवाला. ही चालतच न्हाई हो. ती म्हणायची, वाणाला नावं ठेवू नयेत, म्हणून इतके दिवस बोललो न्हाई. पण पोराची परीक्षा आलीय. दुसरी मिळंल का?"

मी पाटावर बसलो.

तिनं वर नेऊन सीडी घातली. मशीन घरघरलं, थांबलं, परत घरघरलं. काही न्हाई. बाहेर काढून तिनं ती खिडकीतल्या उन्हाकडं धरली आणि मला हाक मारली. मी वर गेलो. माझ्या मशीनच्या सुईनं वरचा पांढरा थर खरवडून गेलता. जिथं जिथं अक्षर, तिथं आरपार उजेड. तिचं नाव भिंतीवर उजेडात उमटलं होतं, "सौ." सकट. जे भरलं होतं ते खालच्या बाजूला न्हाई, त्या वरच्या थराखालीच चिकटलेलं असतं म्हणे. मी खालची बाजू जिवापाड सांभाळली आणि वरून सगळं मारून टाकलं. एकूण एक वाणाचं. मास्तरीणबाई पदर कावून सारखा करत होती ते तेव्हा कळलं. न चालणारं वाण मिळालेल्या सगळ्या बाया गावात एकमेकींना तोंडावर लई छान म्हणत होत्या.

ही हसली न्हाई. मला वाटलं हसंल. ती खुर्चीत बसली आणि तोंडाला पदर लावून रडली, साहेब खाली उभा असताना. मग तोंड धुऊन तिनं साहेबाला सांगितलं, खोक्यातली कॉपी मला देता येत न्हाई, त्यात दुसऱ्याचं नाव हाय. त्याच्यासाठी भावाची ती पहिली उघडी सीडी भरून दिली. म्हणाली, ह्यात गाणं वाजणार न्हाई. ज्या कंपनीचं सामान लागंल ते तुमच्या नावानं तुम्ही आणा, नाव वाचून आणा. आणि मेलेली सीडी त्याच्या हातात परत ठेवली. ते वाण हाय, वहिनींना द्या, दाराला लावा म्हणावं.

पुढं जीप आली न्हाई. क्लासही पुढं गल्लोगल्ली झाले आणि आमचा बंद पडला. खोकं अजून त्या हंड्यात हाय. हंडा मी विकत न्हाई.

हिला नेलं तेव्हा तिच्या कपाळाला मळवट होता, हिरवा चुडा होता. बाया म्हणाल्या, भाग्याची, सवाष्ण गेली, वाण फळाला आलं. त्यांचं बोलणं मला ऐकवेना. मी विचारलं न्हाई कोणाला, मला मागं राखून तिनं काय मिळवलं म्हणून.

परवा मास्तरीणबाईच्या दारावरून चाललो होतो. तोरणात ती सीडी अजून टांगलेली हाय. मातीनं मळली, पण ऊन मागून आलं की पायरीवर अक्षरं पडतात. मी थांबून वाचलं. बाई बाहेर आल्या, म्हणाल्या, काका, पाहिजे का? काढून देते.

घरात तिच्या नावाचं दुसरं काही असं उजेडात पडणारं न्हाई. कळशी हाय, पण कळशीवरचं नाव माझ्या हातचं न्हाई. हात पुढं झाला होता माझा. मग आठवलं, परत घेतलं की कोणाचं आयुष्य मागं येतं ते. माझं मला काही वाटत न्हाई आता. पण तांदूळ निवडताना तिचा हात कसा थरथरत होता ते मी बघितलंय. म्हटलं, राहू द्या बाई, तिथंच बरं हाय.

घरी आलो तरी मला भ्या वाटत होतं, दोरी जुनी झालीय म्हणून. उद्या नवी सुतळी घेऊन जातो आणि पक्की बांधून देतो.